सिमेंटचा चातुर्मास

मृगाचा पाऊस कधी आठ दिवस आधी येतो, कधी महिनाभर दडी मारतो. रेतीची बंदी मात्र वेळ चुकत नाही. १० जून उजाडला की नदीपात्रातून रेती काढायची नाही, ती थेट ३० सप्टेंबरपर्यंत. या पावणेचार महिन्यांत पैनगंगा, वर्धा, बेंबळा, पूस या नद्या असतात; एरवी यवतमाळ जिल्ह्यात त्यांना रेतीघाट म्हणतात.

याच दिवसांत ज्याचं घर अर्धवट उभं आहे त्याच्याकडे एक चक्कर मारावी. घरकुल मंजूर झालेलं असतं. सपाट प्रदेशात त्याचे १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण हप्त्याहप्त्याने, आणि बांधकाम कुठवर आलं याचा फोटो वर चढल्याशिवाय पुढचा हप्ता खाली उतरत नाही. जोत्याच्या फोटोचा हप्ता नेमका मे महिन्यात येतो. हातात आलेला पैसा लग्नसराईत जाण्याआधी त्याची वस्तू करून टाकावी, हे शहाणपण घरातल्या म्हातारीने सांगितलेलं असतं. त्यात दुकानदार हळूच म्हणतो, "भाव चढून राहिले भाऊ, आताच उचला." झालं. चाळीस बोऱ्या येतात. गिट्टी येते, सळई येते. रेती येत नाही. घरकुलवाल्याला पाच ब्रास रेती शासनाकडून मोफत आहे, आणि मोफत असल्यामुळे तिच्याबद्दल कुणाशी भांडताही येत नाही.

तर सिमेंट हजर, रेती गैरहजर, आणि वर आभाळ भरून आलेलं. अशा रीतीने सिमेंटचा चातुर्मास सुरू होतो. साधूसंत चार महिने एका जागी मुक्काम करतात, खाण्यापिण्यावर बंधन घालतात आणि पुण्य वाढवतात. सिमेंटही चार महिने एका जागी मुक्काम करतं. फरक इतकाच की ते मुक्कामात गुपचूप पीत राहतं आणि आपलं पुण्य घालवतं.

मुक्कामाची जागा ठरवण्याची पद्धत ठरलेली आहे. घरातली सगळ्यात कोरडी खोली कापसाकडे असते. भाव वाढेल म्हणून ठेवलेला असतो आणि भाव वाढेपर्यंत माणसं ओसरीत झोपतात. दुसऱ्या खोलीत बियाणं आणि खताच्या पिशव्या. देवघराला हात लावायचा नाही. उरला गोठा, पडवी किंवा न्हाणीच्या भिंतीला लागून असलेला कोपरा. सिमेंटला तो कोपरा मिळतो. खाली सारवलेली जमीन. घरची बाई दर आठवड्याला शेणपाण्याने सारवते, बोऱ्यांच्या कडेकडेने हात फिरवते आणि पहिल्या थराला नियमाने अभिषेक घडतो. वर पत्र्याला दोन भोकं असतात. त्यांच्या खाली घमेलं ठेवलेलं असतं. घमेलं भरलं की ते उचलून रिकामं करायचं काम ज्या पोराकडे, तो शाळेत गेलेला असतो.

आपण काही बोलायला जावं तर घरधनी हसतो. "शिमिटले का सर्दी होते काय जी?"

प्रश्न लाखमोलाचा आहे, कारण उत्तर 'हो' असं आहे. पण ते पटत नाही. ज्याने धरणं बांधली, पूल बांधले, ते सिमेंट आपल्या गोठ्यातल्या दमट हवेला भिणार? काँक्रीटची सगळी ताकद आपण उधारीवर सिमेंटच्या खात्यात आधीच जमा करून टाकतो. खरं म्हणजे घरात आलेल्या सामानात सिमेंटाइतकं नाजूक दुसरं काही नसतं. सळईला वरवर गंज चढला तर तो घासून काढता येतो. गिट्टी भिजली तर धुतली गेली असं समजायचं. विटा तर मुद्दाम भिजवूनच लावतात. सिमेंट तेवढं एकच असं आहे की ज्याला आयुष्यात एकदाच पाण्याशी गाठ घालायची असते, आणि ती गाठ कधी, कुठे, किती पाण्यात, हे मिस्त्रीने ठरवायचं असतं. हवेतल्या वाफेने ते आधीच ठरवून टाकलं तर मिस्त्रीच्या हाती उरते ती राखाडी भुकटी.

सिमेंट वाळून घट्ट होतं ही गावोगावची पक्की समजूत आहे. ते वाळत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते घट्ट होतं. म्हणून तर स्लॅब टाकल्यावर आपण तराई करतो, म्हणजे वाळू नये म्हणून पाणी मारत राहतो. ही क्रिया बादलीतल्या पाण्याने होते तशी आषाढातल्या हवेनेही होते, फक्त हळू. कणाच्या वरच्या सालीवर आधी वाफ बसते, ती साल निकामी होते, आणि पुढे खरं पाणी आलं की आतल्या चांगल्या भागापर्यंत पोचायला ते अडखळतं. डोळ्यांना काही दिसत नाही. बोरी तशीच, रंग तसाच, कंपनीचा हत्ती-घोडा जो काही असेल तो तसाच.

आता एक हिशोब सांगतो, जो आमच्या कोरडवाहू भागात लगेच समजावा. सिमेंट किती बारीक दळलेलं असावं याला भारतीय मानकात किमान मर्यादा आहे: साध्या पोर्टलँड सिमेंटच्या एका किलोतल्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग किमान २२५ चौरस मीटर भरला पाहिजे. बोरी ५० किलोची. गुणाकार केला तर ११,२५० चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन एकर. राखमिश्रित पीपीसी घेतलं, जे आजकाल जास्त खपतं, तर किमान ३०० चौरस मीटर किलोमागे, म्हणजे बोरीत साडेतीन एकराच्या वर जमीन. चाळीस बोऱ्या म्हणजे दीडशे एकरांच्या आसपास रान, तेही सगळं उघडं, तहानलेलं, पाण्याची वाट पाहणारं. सातबारावर दोन एकर असलेला माणूस गोठ्यात दीडशे एकर घेऊन बसलेला असतो आणि त्याला त्याची खबर नसते. बाहेरच्या दोन एकरावर पाऊस पडावा म्हणून तो धोंडी काढतो. आतल्या दीडशे एकरावर तो पडू नये म्हणून एक ताडपत्री टाकायला मात्र विसरतो.

आणि हा माणूस ओलीच्या बाबतीत अडाणी आहे म्हणावं, तर मुळीच नाही. कापसातली ओल ओळखण्यात आमच्या जिल्ह्याचा हात कुणी धरू शकत नाही. मुठीत बोंड दाबून तो सांगतो, "दहा टक्के हाये, जास्त नाई." सीसीआयच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याच्यावर गेलं की गाडी परत. त्या चार टक्क्यांसाठी तो ग्रेडरशी तासभर हुज्जत घालतो. ओल लागली की कापसाचं वजन वाढतं, हे त्याला माहीत आहे आणि व्यापाऱ्यालाही माहीत आहे. ओल लागली की सिमेंटचंही वजन वाढतं. पण ते वाढीव वजन विकत घ्यायला कुणी येत नाही, म्हणून त्याकडे लक्षही जात नाही. सिमेंट मोजायला ग्रेडर बसवला असता तर आमच्या लोकांनी ते सोन्यासारखं जपलं असतं.

दोष एकट्या घरधन्याचा नाही. साठवायची ही सवय आमच्या मागच्या पिढीला सरकारनेच लावली. सिमेंट एकेकाळी परमिटवर मिळत असे. अर्ज करायचा, तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि मंजूर झालं की मागितलेल्या बोऱ्यांच्या निम्म्या घरी आणायच्या. त्या बोऱ्या घरात आल्या की पाहुण्यांना दाखवत. सिमेंटची महती इतकी की जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली, ते प्रकरण सिमेंटच्या कोट्याचं आणि ट्रस्टांना मिळालेल्या देणग्यांचं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नियंत्रण थोडं सैल झालं आणि १ मार्च १९८९ ला ते पूर्ण उठलं. नियंत्रण उठलं; साठवण उठली नाही. आज झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना उभा आहे, वर्धा नदी ओलांडली की घुग्घूस, पुढे गडचांदूर, आवारपूर, सगळीकडे चिमण्या. विहिरीच्या काठावर राहून माणूस घागरी भरून ठेवतो, तसं आमचं चाललंय, आणि भरलेली घागर चार महिन्यांनी पिणार.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं वेगळंच. त्यांच्या डोक्यात चुना असतो. वणीजवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या. जुने वाडे, विहिरी, देवळं सगळी चुन्यातली. भट्टीचा कोरडा चुना ओलीपासून सांभाळावा लागे खरा, पण एकदा तो विझवून पाण्याखाली मुरत घातला की जितका जुना होई तितका लोण्यासारखा होई. प्लिनी नावाचा रोमन लेखक सांगतो की त्यांच्या जुन्या नियमांप्रमाणे तीन वर्षांपेक्षा ताजा चुना ठेकेदाराने वापरायचा नसे. आमच्या आजोबांनी प्लिनी वाचलेला नाही, पण मत तेच. "मुरू दे जरा," ते सिमेंटच्या थप्पीकडे पाहून म्हणतात. "नवं कायले वापरता?" चुन्याचं शहाणपण सिमेंटला लावलं की काय होतं, ते स्लॅबला कळतं, आजोबांना कुणी सांगत नाही.

सिमेंट ठेवावं कसं याचं सरकारी शास्त्र आहे. भारतीय मानक ४०८२, १९९६ ची सुधारित आवृत्ती. ती वाचताना मला नेहमी एका दुसऱ्या देशात गेल्यासारखं वाटतं. बोऱ्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत; लाकडी फळ्यांवर, १५० ते २०० मिलिमीटर उंच. भिंतीला चिकटवायच्या नाहीत, किमान दोन फूट जागा सोडायची. एकावर एक दहापेक्षा जास्त नाहीत. आठच्या वर गेलात तर एक थर उभा, एक आडवा. बोऱ्या एकमेकींना खेटून, म्हणजे मधून वारा फिरणार नाही. खोलीला खिडक्या कमीत कमी, दार घट्ट बंद. पावसाळ्यात सगळी थप्पी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. आणि जी आधी आली ती आधी वापरायची.

यातलं प्रत्येक कलम आमच्याकडे उलट पाळलं जातं, तेही मायेपोटी. "बोऱ्यायले हवा लागली पायजे" म्हणून मध्ये फटी ठेवतात आणि दार उघडं टाकतात, जणू कांदे पसरलेत. थप्पी भिंतीला टेकवतात, नाहीतर पडेल. फळ्या असतात, पण त्या सेंट्रिंगवाल्याने नेलेल्या असतात. बाकी जी आधी आली ती आधी वापरायची, हा नियम तर निसर्गालाच मंजूर नाही: आधी आलेली बोरी सगळ्यात खाली असते. वरची उचलत जायचं, नवीन आल्या की पुन्हा वर ठेवायच्या. अशा रीतीने तळची बोरी दोनदोन वर्षं पदावर राहते.

तळच्या बोरीचं आणखी एक दुखणं असतं. वरच्या वजनाने ती दबून कडक होते. ओल लागलेली नसते, नुसतं दडपण असतं. अशी बोरी जमिनीवर दोनचार वेळा लोळवली, चारी अंगांनी थोपटली की मोकळी होते आणि कामाला चालते. मिस्त्रीला हे पक्कं माहीत असतं. त्यामुळे खरोखर दगड झालेल्या बोरीलाही तो आधी लोळवून पाहतो, मग लाथ मारून पाहतो, मग स्वतःचा पाय चोळत म्हणतो, "ह्या बोरीत दम हाये."

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. बोरीत हात घातला की गार लागलं पाहिजे. (मे महिन्यात पांढरकवड्याला पंचेचाळीस अंशांत कशालाच हात लावून गार लागत नाही, पण ते असो.) चिमटीत मऊ लागावं, रेतीसारखं खरखरू नये. चिमूटभर पाण्यावर टाकलं तर क्षणभर तरंगून मग बुडावं. गुठळी निघाली तर बोटांनी दाबायची. चुरली तर ठीक, नाही चुरली तर ती गुठळी म्हणजे आपला स्लॅब, गोठ्यातच पडलेला. गुठळ्या चाळून काढल्या की काम भागलं असं समजू नये. जे चाळणीतून खाली पडलं त्यानेही तेच चार महिने त्याच गोठ्यात काढलेले असतात.

किती नुकसान होतं? शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्राम्स नावाचे प्राध्यापक होते. काँक्रीटमध्ये पाणी वाढवलं की ताकद घटते हा नियम त्यांनी १९१८ साली मांडला, आणि आमच्या मिस्त्र्यांनी तो अजून मान्य केलेला नाही. त्याच अब्राम्सनी १९२० साली नुसत्या सिमेंटच्या साठवणीवर एक अख्खी पुस्तिका काढली. पुढे पाठ्यपुस्तकांतून चालत आलेला ढोबळ हिशोब असा: तीन महिन्यांनी ताकद वीसेक टक्के कमी, सहा महिन्यांनी तीसेक, वर्षाने चाळीस. बोरीवर ५३ ग्रेड छापलेलं असतं. ते टक्के नव्हेत, २८ दिवसांनी येणारी मेगापास्कलमधली ताकद आहे. नाहीतर लोक ४३ वाल्याला काठावर पास समजतात. ५३ तून वीस टक्के वजा करा: ती बोरी ४३ च्याही किंचित खाली येऊन बसते. म्हणजे पैसे ५३ चे दिले, आणि चार महिने घरी ठेवून त्याचं ४३ आपणच केलं.

हा हिशोब ढोबळ का, तर बोरीवरच्या तीन महिन्यांना आपलं पंचांग कळत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल यवतमाळात ठेवलेलं सिमेंट मजेत असतं. त्या कोरड्या उन्हात माणसाच्याच अंगातलं पाणी आटतं, तर हवेत कुठून उरणार? तेच तीन महिने आषाढ, श्रावण, भाद्रपद असले की गोष्ट वेगळी. मानकही तीन महिन्यांनंतर सिमेंट फेकून द्या म्हणत नाही. पुन्हा तपासा म्हणतं, आणि नापास झालं तर नाकारा. पण तपासायला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावं लागेल, त्याला पैसे लागतील, निकालाला २८ दिवस लागतील, आणि तोवर ते आणखी २८ दिवसांनी जुनं झालेलं असेल.

सरकारी कामावर मात्र तपासणी चोख असते. १५० मिलिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा भरायचा असतो, म्हणजे क्यूब. त्यासाठी ठेकेदार नवी कोरी बोरी फोडतो. रेती धुऊन घेतो, पाणी मापाने घालतो, नीट कुटून भरतो, २८ दिवस टाकीत बुडवून ठेवतो. क्यूब दणक्यात पास होतो. त्या क्यूबमध्ये राहायला गेलं तर घर शंभर वर्षं टिकेल.

घरी गोठ्यात म्हातारं झालेलं सिमेंट कुणी टाकून देत नाही. त्याची बदली होते. स्लॅबच्या लायकीचं राहिलं नाही तर जोडाईला, जोडाईला नको असेल तर प्लास्टरला, प्लास्टरवाल्या मिस्त्रीने नाक मुरडलं तर ओट्याला, आणि तिथूनही उतरलं तर गुरांच्या गव्हाणीला. प्रत्येक बदलीच्या वेळी "चालून जाते" हा एकच शेरा. गव्हाण सगळ्यात आधी फुटते आणि बैलावर आळ येतो.

बोरीचं प्लॅस्टिक मात्र कधी म्हातारं होत नाही. रिकामी झाली की तिचा एक कोपरा दुसऱ्यात घालून डोक्यावर घ्यायची खोळ होते. ती घेऊन गुराखी पोरगं धो धो पावसात दिवसभर रानात उभं राहतं आणि संध्याकाळी कोरडं घरी येतं. तेव्हा घरधनी ती खोळ झटकत कौतुकाने म्हणतो, "पाहा, एक थेंब आत नाई." तीच बोरी भरलेली असताना तिच्या विणीतून, शिवणीतून आणि भरायच्या तोंडातून वाफ खुशाल ये-जा करत होती, हे त्याला कसं सांगणार? पुरावा त्याच्या बाजूने ठिबकत असतो.

ऑक्टोबर लागतो. सोयाबीन निघतं. नदी पुन्हा घाट होते, निदान तशी बातमी येते. लिलाव कधी होईल ते कुणी सांगत नाही. तरी एके दिवशी सकाळी दारात रेतीचा ढीग दिसतो. मिस्त्री येतो, सेंट्रिंग लागतं, बल्ल्या उभ्या राहतात. गोठ्यातून बोऱ्या निघतात. वरच्या बऱ्या, मधल्या तशातशा, तळच्या चौघांनी उचलायच्या. दुकानातून वीस नव्या येतात. मिस्त्रीने तोड काढलेली असते: एक नवी, एक जुनी, एक नवी, एक जुनी. "सरासरी बराबर येते." शंका घेणाऱ्याला तो वर एक बोरी जास्त टाकायचं वचन देतो, आणि माल जरा घट्ट वाटला म्हणून दोन बादल्या पाणीही.

मिक्सर फिरत असतो, बाया घमेली देत असतात, आणि पंचायत समितीचे तरुण इंजिनियर साहेब मोटारसायकलवरून उतरतात. ते शिकलेले आहेत. सरळ रिकाम्या बोऱ्यांकडे जातात आणि आठवडा-महिना-वर्ष छापलेला कोपरा शोधू लागतात. कोपरा पोरांनी खोळीसाठी दुमडलेला असतो. साहेब थोडे चिडतात. मिस्त्रीला विचारतात, "हे सिमेंट किती दिवसांचं आहे?"

मिस्त्री थापी पुसतो. घरधन्याकडे पाहतो. मग आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, शिमिटाचं वय कायले पुसता? रेतीचं पुसा ना. थे रात्रीच आली."

साहेब रेतीच्या ढिगाकडे पाहतात, मोबाईल काढतात, आणि स्लॅबचा फोटो घेताना रेती चौकटीत येणार नाही अशा बेताने दोन पावलं डावीकडे सरकतात.